पळसाला पानं तीनच!

निसर्गाची कविता म्हणजे पावसाळी वीकेंडची प्लेलिस्ट, असं मला वाटायचं. मग एका फेब्रुवारीत अण्णांसोबत अजिंठ्याच्या घाटात गाडी थांबवली...

'४०० शब्द, ११ वाजेपर्यंत. जमेल?'

३ ऑगस्ट २०२३, गुरुवार. सकाळी सिडकोतल्या आमच्या घराच्या गॅलरीत मी चहाचा कप घेऊन उभी होते आणि मोबाईलवर हा मेसेज आला. ज्येष्ठ कवी ना. धों. महानोर पुण्यात गेले होते. मी तेव्हा ज्या पोर्टलसाठी लिहायचे, तिथल्या डेस्कला श्रद्धांजलीचा लेख हवा होता. आता फ्रीलान्सर माणूस 'जमेल का?'ला कधी 'नाही' म्हणतो का? 'जमेल' असं टाइप केलं, एक स्मायली टाकली आणि लॅपटॉप उघडला.

खरं सांगते, चाळीस मिनिटांत उरकलं. जन्म १६ सप्टेंबर १९४२. गाव पळसखेडे, तालुका सोयगाव, जिल्हा आमचाच. १९६७ साली 'रानातल्या कविता', १९८२ साली 'पावसाळी कविता'. १९७८ मध्ये विधान परिषदेचे आमदार. १९९१ मध्ये पद्मश्री, २००० साली 'पानझड'साठी साहित्य अकादमी पुरस्कार. 'जैत रे जैत', 'सर्जा', 'एक होता विदूषक'मधली गाणी. मधेमधे 'हिरवाई', 'मातीचा गंध', 'चिंब' असे शब्द पेरले. वर हेडिंग ठोकलं, 'निसर्गकवी हरपला'. डेडलाईनच्या आधीच कॉपी गेली. अचूक आणि वेळेत, मास कॉमला दोन वर्षं हेच तर घोटून घेतलं होतं!

संध्याकाळी अण्णांनी तो लेख वाचला. आमचे अण्णा म्हणजे एसटीचे रिटायर्ड कंडक्टर. माझं छापून आलेलं सगळं ते वाचायचे, अगदी 'उन्हाळ्यात त्वचेची काळजी कशी घ्याल?'सुद्धा. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकापासून चार बोटांवर.

'चांगलं लिहिलंस,' ते म्हणाले.

'पण?' मी विचारलं. अण्णांच्या 'चांगलं'च्या मागे एक 'पण' असतोच, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

'पण बाई, यात नुसता पाऊस पडतोय. पाऊस न पडलेलं एकही साल नाही.'

मी म्हटलं, 'अण्णा, ४०० शब्दांत काय काय घालायचं?'

'ते तुझं तू बघ. पण माणूस सोयगावकडचा हाये. तिकडं पाऊस म्हणजे काय हौस असती का?' मग मोबाईल खाली ठेवत त्यांनी सहज विचारलं, 'काल तो पिक्चरवाला गेला ना, देसाई? त्याचा आन् ह्यांचा मिळून एक पिक्चर होता की. अजिंठ्याचा.'

मी गप्प. होता की! महानोरांचं 'अजिंठा' हे दीर्घकाव्य १९८४ चं. त्यावर नितीन चंद्रकांत देसाईंनी २०१२ मध्ये त्याच नावाचा सिनेमा केला. देसाई गेले २ ऑगस्टला, महानोर ३ ऑगस्टला. दोन दिवसांत दोन बातम्या माझ्या स्क्रीनवरून गेल्या होत्या आणि त्यांना जोडणारा धागा माझ्या घरापासून शंभर किलोमीटरवर होता. तो दिसला कोणाला, तर आयुष्यभर तिकिटं फाडलेल्या माणसाला!

प्लेलिस्टमधला पाऊस

आपलं सगळ्यांचं कसं ठरलेलं असतं बघा. पहिली सर आली की ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज पडतो. म्हैसमाळ की वेरूळ? दौलताबाद की गौताळा? रविवारी चार बाइक आणि एक कार निघते. रस्त्यात भाजलेलं कणीस, टपरीवर भजी, आणि कारमध्ये 'जैत रे जैत'ची गाणी. फोटो काढायचे, ओले बूट डिकीत टाकायचे आणि सोमवारी पुन्हा पंचिंग मशीनसमोर हजर. मी काही शहाणपणा शिकवत नाहीये हं, मीही कित्येक पावसाळे हेच केलंय.

पण अण्णांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मग एका रात्री मी 'जैत रे जैत' पहिल्यांदा अख्खा पाहिला. १९७७ चा सिनेमा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, डॉ. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. गाणी तोंडपाठ आणि शेवट माहीतच नाही, अशी माझी गत होती. ज्या डोंगरात ती गाणी फुलतात, त्याच डोंगरावरच्या मधमाश्या शेवटी चिंधीचा जीव घेतात. नाग्याची जीत होते, पण ती पाहायला चिंधी उरत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना म्हटलं, 'इतकी गोड गाणी आणि शेवट असा?'

'मग? मध काढायला गेल्यावर माशी चावणारच की!' म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

तो ऑगस्ट तुम्हाला आठवतोय? १९०१ पासून देशात पावसाच्या नोंदी ठेवल्या जातात. त्यातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट म्हणजे २०२३ चा. सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस. म्हणजे पावसाचा कवी गेला, आणि त्याच्या मागोमाग पाऊसही उठून गेला. मला हे फार पोएटिक वाटलं होतं. अण्णांना नाही वाटलं. सिल्लोड तालुक्यात आमची साडेतीन एकर जमीन आहे, काका कसतात. त्यात मका उभा होता, ऐन तुऱ्यात. अण्णा दर रविवारी सिल्लोडची गाडी पकडून शेतावर जायचे आणि रात्री परत यायचे. मका बघायला. बाकी काही करण्यासारखं नव्हतंच.

'मग जाता कशाला?' मी एकदा विचारलं.

'आजारी माणसाला भेटायला जातो ना आपण? त्यानं तो बरा होतो का?'

अण्णा १९७२ च्या दुष्काळात बारा वर्षांचे होते. आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. मिलो आणि सुकडी खाऊन ते साल काढलं. त्यामुळे हिरवा रंग त्यांना 'फ्रेश' वगैरे वाटायचा नाही. हिरवं दिसलं की आधी विचारायचे, 'विहिरीला पाणी किती हाये?'

मग मला महानोरांचं आयुष्य वेगळं दिसायला लागलं. कॉलेज अर्धवट सोडून गावी परतलेला हा मुलगा कोरडवाहू जमिनीशी झटत राहिला. सीताफळाच्या बागा लावल्या. एका सीताफळाला तर लता मंगेशकरांवरून 'लताफळ' असं नाव दिलं. विधान परिषदेत बोलले ते शेतीवर आणि पाण्यावर. ज्याला पाण्याचा हिशेब ठेवावा लागतो, तोच पावसावर असं लिहू शकतो, हे मला चाळीस मिनिटांत कुठून कळणार? मी त्यांना 'निसर्गकवी' म्हणून मोकळी झाले होते. जणू काही निसर्ग हा त्यांचा विषय होता. तो त्यांचा धंदा होता, काळजी होती आणि कर्जही.

कोणतं झाड म्हणालीस?

ऑक्टोबरमध्ये अण्णांची पाठ दुखायला लागली. मग भूक गेली, मग डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पुढच्या टप्प्यातला. आम्ही इथे दाखवलं, पुण्याला दाखवलं, मुंबईलाही जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी नवी फाइल, नवा टोकन नंबर आणि तेच उत्तर. सहा महिने, फार तर आठ.

मुंबईहून परतताना रेल्वेत अण्णा हसले. 'कुठंबी जा बाई, पळसाला पानं तीनच.'

लहानपणापासून ही म्हण मी अण्णांच्या तोंडून हजार वेळा ऐकली होती. कुठल्याही डेपोत जा, साहेब सारखेच. कुठल्याही पक्षाला मत द्या, रस्ता तसाच. पण त्या दिवशी मला खिडकीकडे तोंड फिरवावं लागलं.

माझी मास कॉमची एक मैत्रीण लग्नानंतर इंग्लंडला, लीड्सला गेली. तिला सगळं कळवलं. तिने सांत्वन वगैरे केलं नाही, कवितांच्या लिंक पाठवल्या. मी आधी वैतागले. इथे केमोच्या तारखा चालल्यात आणि ही बाई कविता पाठवतेय! पण रात्री दोन वाजता हॉस्पिटलच्या बाकड्यावर माणूस काहीही वाचतो.

त्यातली एक कविता क्लाइव्ह जेम्स यांची. जन्माने ऑस्ट्रेलियन, पण उभं आयुष्य इंग्लंडमध्ये काढलेला हा लेखक. टीव्हीवरचा लोकप्रिय चेहरा, एकदम मिश्कील माणूस. २०१० मध्ये ल्युकेमियाचं निदान झालं. लेकीने त्यांना मेपलचं एक रोप दिलं, ते केंब्रिजच्या घराच्या बागेत लावलं. हिवाळ्याआधी मेपलची पानं लालभडक होतात. तेवढी पाहायला आपण उरावं, एवढीच इच्छा धरून त्यांनी २०१४ मध्ये 'जॅपनीज मेपल' ही कविता लिहिली. ती जगभर गाजली. लोकांनी मनातल्या मनात त्यांना निरोपही दिला. आणि गंमत म्हणजे ते गेलेच नाहीत! पानं लाल झाली, गळली, पुन्हा आली. जेम्स आणखी पाच वर्षं जगले, २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत. निरोपाची कविता लिहून बसलोय आणि अजून इथेच आहे, याची त्यांना स्वतःलाच लाज वाटायची म्हणे.

हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते सलाइन लावून पडले होते. शेवट ऐकून उठून बसले.

'पाच वर्षं मिळाली? कोणतं झाड म्हणालीस?'

'मेपल.'

'आपल्याकडं येईल का?'

'नाही अण्णा. थंड हवेतलं आहे ते.'

'मग राहू दे,' पुन्हा आडवे होत म्हणाले. 'आपला लिंब बरा.'

नर्ससुद्धा हसली.

मैत्रिणीने पाठवलेलं दुसरं नाव होतं ॲलिस ऑस्वाल्ड. ही बाई ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकली आणि मग चक्क माळीकाम शिकली. २०११ मध्ये तिचं 'मेमोरियल' आलं. होमरच्या 'इलियड'मधली युद्धाची सगळी गोष्ट तिने काढून टाकली. राजे नाहीत, डावपेच नाहीत. उरले फक्त मेलेले सैनिक, त्यांची नावं, ते कसे पडले ते, आणि मधेमधे पानं, वारा, लाटा, पाखरं यांच्या उपमा. एक मरण, मग एक निसर्गाचं चित्र. पुन्हा एक मरण.

बाकड्यावर बसून मला वाटलं, हिला हे कोणी शिकवलं? बागेत काम करणाऱ्या माणसाला आपोआप कळत असणार. पळसखेड्याच्या शेतकऱ्याला कळलं, तसंच. तिकडे जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाईंना तर लिहितावाचताही येत नव्हतं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं. त्यातही पेरणी, पाखरं, संसार आणि मरण हे सगळं एकाच पंगतीत बसलेलं. ज्यांचे हात मातीत असतात त्यांना सुंदर गोष्ट आणि संपणारी गोष्ट अशा दोन वेगळ्या फायली ठेवता येत नाहीत. मी मात्र ठेवल्या होत्या. 'निसर्ग' वीकेंडच्या फोल्डरमध्ये आणि 'मृत्यू' डेडलाईनच्या.

जिवंतपणीच चौघांच्या खांद्यावर

फेब्रुवारीत केमो थांबवली. अण्णांनीच थांबवली. म्हणाले, 'आता माझ्या रूटवर घेऊन चल.'

त्यांचा रूट म्हणजे सिल्लोड ते सोयगाव. अजिंठा गाव, मग घाट, खाली फर्दापूर आणि पुढे सोयगाव. कितीतरी वर्षं ते त्या रस्त्याने गेले होते. रूट बदलून मागायची संधी आली तेव्हाही घेतली नव्हती. आईला वाटायचं, आळस. खरं कारण त्या दिवशी कळलं.

फेब्रुवारीचा शेवटचा रविवार. हर्सूल, फुलंब्री, सिल्लोड मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापणी झालेली रानं, राखाडी डोंगर, कुठे कुठे टँकर. बघण्यासारखं काही म्हणजे काहीही नव्हतं. घाट लागला आणि अण्णा म्हणाले, 'थांबव.'

समोरच्या उतारावर पळस पेटला होता. एकाही झाडावर पान नाही. काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यावर केशरी फुलांचे नुसते घोस. सगळं रान वाळलेलं, आणि हे झाड असं, लग्नाला निघाल्यासारखं. अण्णा खिडकीची काच खाली करून बघत राहिले. मी मोबाईल काढला, मग ठेवून दिला.

'एकवीस वर्षं बघितला ह्याला,' ते म्हणाले. 'दर साली ह्याच टायमाला. पब्लिक शिव्या घालायचं उन्हाला. मी दारातून बघून घ्यायचो.'

'अण्णा, तीन पानं कुठं आहेत पण?' मी उगाच विनोद केला.

'फुलायचं असलं की तीबी टाकावी लागतात.'

एवढंच बोलले. ते काही शिकवत नव्हते, बाई. झाडाबद्दल बोलत होते.

आणि मला पळसखेडे हे नाव आठवलं. श्रद्धांजलीत मी ते 'जन्मगाव' या रकान्यात भरलं होतं. त्याच गावच्या कवीने आपल्या संग्रहाला 'पानझड' हे नाव दिलं होतं, आणि साहित्य अकादमी त्यालाच मिळाली. हिरवाईच्या कवीचा सन्मान झाला तो पानं गळण्याच्या पुस्तकासाठी! हेही मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं, तारखेसकट.

खाली फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली. तिथून लेण्यांपर्यंत एसटीची बस. अण्णांनी कंडक्टरचं तिकीट मशीन उलटंसुलटं करून पाहिलं आणि 'आमच्या वेळचा ट्रे बरा होता' असा शेरा मारला. पण पुढे पायऱ्या होत्या. अण्णांना दहा पावलं चालवत नव्हतं. डोलीवाल्यांशी बोललो. दोन दांड्यांवर बांधलेली खुर्ची, चार माणसं. अण्णा बसले, चौघांनी खांद्यावर घेतलं आणि वरून ते ओरडले, 'बघ गं, लोकांना मेल्यावर मिळतात. मला जिवंतपणीच चार खांदे!'

डोलीवाले हसले. आई रडायला लागली. मी दोन्ही केलं.

सोळाव्या लेण्यात ते प्रसिद्ध चित्र आहे, 'मरणासन्न राजकुमारी'. रंग खूप उडालेत, डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग मान टाकलेली एक स्त्री दिसते. मागून एकीने तिला सावरलंय, एकीने हात धरलाय, एक पंखा घालतेय. हे 'मरणासन्न' नाव नंतर पडलं, एकोणिसाव्या शतकात चित्रं बघायला आलेल्या इंग्रजांच्या काळात. अभ्यासकांच्या मते ती मरत नाहीये. ती सुंदरी. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची बायको. नवरा भिक्षू झाला आणि त्याचा मुकुट तेवढा घरी परत आला, तो पाहून तिची शुद्ध हरपली. कवी अश्वघोषाने याच जोडप्यावर 'सौंदरनंद' हे संस्कृत महाकाव्य लिहिलंय.

मी हे सगळं गाईडच्या थाटात सांगितलं. अण्णा बराच वेळ बघत होते. मग हळूच म्हणाले, 'म्हणजे जाणारा चित्रात नाहीच. मागं राहिलेल्यांचंच चित्र हाये हे.' आणि आईला म्हणाले, 'पाणी पी थोडं. चेहरा बघ कसा झालाय.'

सव्विसाव्या लेण्यात बुद्ध आडवा आहे. महापरिनिर्वाण. सुमारे सात मीटर लांबीचं शिल्प, उजव्या कुशीवर, उशीवर डोकं, चेहरा इतका शांत की आपणही हळू बोलायला लागतो. खाली शोक करणाऱ्या शिष्यांची रांग. वर आकाशात मात्र देवगणांचा आनंदसोहळा. अण्णांनी विचारलं, 'खालचे रडतात ते समजलं. वरचे का खुश हायेत?'

'त्यांच्याकडे चाललाय ना तो.'

अण्णांनी मान डोलावली. 'बरोबर. स्टँडवर असंच असतं. एक पब्लिक सोडायला आलेलं असतं आन् पुढच्या स्टँडवर दुसरं घ्यायला.'

पाचव्या शतकातल्या त्या शिल्पावर मी पुढे बरंच वाचलं. यापेक्षा नेमकं काही सापडलं नाही.

परतताना अजिंठा गावात थांबलो. गावात एक छोटी कबर आहे, पारोची. तिच्यावर तारीख आहे २३ मे १८५६. रॉबर्ट गिल हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी १८४४ साली इथे आला, लेण्यांमधल्या चित्रांच्या नकला करायला. ही चित्रं झिजतायत, ती वाचवायची तर हुबेहूब नकला करून लंडनला पाठवा, असा हिशेब होता. वर्षानुवर्षं तो त्या अंधारात रंगवत बसला. इथेच त्याला पारो भेटली, इथेच ती गेली. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलची बहुतेक चित्रं जळून गेली. तो १८७९ मध्ये गेला, भुसावळला त्याची कबर आहे. महानोरांचं 'अजिंठा' हे याच दोघांचं काव्य.

विचार करा, वाचवण्यासाठी नेलेलं जळालं आणि झिजत चाललेलं अजून इथेच आहे. दर पावसाळ्यात वाघोरा नदीला पाणी येतं, लोक कड्यावरून लेण्यांचे फोटो काढतात, खाली भिंतींवर रंगाचा एखादा कण आणखी सुटतो. तरी सुंदरी आहे. मान टाकलेली, पण आहे.

अण्णांनी कबरीला हात जोडले. गाडीत बसल्यावर म्हणाले, 'आता झोपतो. सिल्लोड आलं की उठव.'

तेरावा आणि त्यानंतर

एप्रिलमध्ये त्यांनी काकांना बोलावून पाचशेच्या नोटा मोजून दिल्या. मक्याच्या बियाण्यासाठी. काका म्हणाले, 'दादा, अजून दोन महिने हायेत पेरणीला.' अण्णा म्हणाले, 'मला नाहीत ना.' वाण कोणता घ्यायचा, यावर दोघांचं अर्धा तास वाजलं. गेल्या वर्षी करपलेल्या वाणाचं नाव अण्णांना पाठ होतं. शेवटच्या दिवसांत माणसाने देवाचं नाव घ्यावं, असं म्हणतात. आमचे अण्णा मक्याचं घेत होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे, घरातच ते गेले. आई उशाशी होती, मी हात धरलेला होता, काकू पदराने वारा घालत होती. लाईट गेली होती. नंतर कितीतरी दिवसांनी माझ्या लक्षात आलं की हे चित्र मी आधी पाहिलंय.

तेराव्याला काकांनी हट्ट धरला, कागदी प्लेट नको. पळसाच्या पत्रावळीच हव्यात. कुठून कुठून गोळा करून आणल्या. मी पंगतीत वाढायला होते. वाढताना पत्रावळीकडे लक्ष गेलं. ओली, हिरवी, रुंद पानं, काडीने टाचलेली. फेब्रुवारीत ज्याच्या अंगावर एक पान नव्हतं, त्या झाडाला मेमध्ये इतकी पानं की शंभर माणसं जेवली. मी स्वयंपाकघरात गेले आणि मोठ्याने रडले. पहिल्यांदाच.

त्या वर्षी, २०२४ ला, पाऊस बरा झाला. जूनमध्ये काकांचा फोन आला. 'मका उगवलाय. बघून जा.' मी रविवारी सिल्लोडची गाडी पकडली. अण्णांसारखीच. बांधावर उभी राहिले. काळ्या मातीत हिरव्या रेघा, बोटाएवढ्या. काही करण्यासारखं नव्हतं. नुसतं बघितलं. मग तोंडातून आपोआप निघालं, 'काका, विहिरीला पाणी किती आहे?'

काकांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, 'दादावानी बोललीस.'

माझी ती श्रद्धांजली अजून लॅपटॉपमध्ये आहे. त्यातला एकही तपशील चुकीचा नाही. तरीही आज पुन्हा कोणी '४०० शब्द, ११ वाजेपर्यंत' म्हटलं, तर मी 'चिंब' आणि 'हिरवाई' दोन्ही खोडेन. त्या जागी एक करपलेला मका घालेन आणि एक दुपार, ज्या दुपारी ढग आले आणि न बरसता निघून गेले. पाऊस त्यानंतर येईल. मग त्याचं वर्णनही करावं लागणार नाही.

तुम्ही या वीकेंडला गाणी लावून घाटात जाणार असाल तर जरूर जा. भजी खा, फोटो काढा. फक्त एकदा फेब्रुवारीतही जाऊन या, ऊन असेल, रस्त्यावर धूळ असेल, ग्रुपवर कोणी 'हो' म्हणणार नाही. अजिंठ्याच्या घाटात गाडी जरा बाजूला घ्या. काच खाली करा.